किल्ट कुठे गेले?

अठराव्या शतकातला इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन याच्या स्कॉटलंडच्या प्रवासवर्णनात किल्टवाले, म्हणजे घागऱ्यासारखं पारंपरिक वस्त्र नेसलेले पुरुष, का दिसत नाहीत, असा प्रश्न पडतो. कारण सरळ आहे, तेव्हा बंदी होती. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांचं बंड मोडलं आणि सरकारने हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पारंपरिक पोशाखच बेकायदा ठरवला. सैन्यातल्या पलटणींना तेवढी सूट. जॉन्सन आणि त्याचा स्कॉटिश मित्र व चरित्रकार बॉझवेल फिरले १७७३ मध्ये, बंदी उठली १७८२ मध्ये. पूर्ण जुन्या वेषातला एकच सद्गृहस्थ दिसला, असं जॉन्सनने लिहिलंय. म्हणजे आपला माणूस पोचला तो उशिराच.

पण मला त्या प्रवासवर्णनात सगळ्यात आवडते ती लॉक नेस सरोवराकाठची झोपडी. गिलावा नसलेल्या दगडी भिंती, आत काळोख. धूर जायला छपराला एक भोक, तेही चुलीच्या बरोबर वर नाही, बाजूला. का, तर पावसाने विस्तव विझू नये म्हणून! म्हातारी बकऱ्याचं मटण शिजवत बसलेली. साठ शेरडांची मालकीण. तिने पाहुण्यांना व्हिस्की दिली आणि मागितली काय, तर तपकीर. बॉझवेलच्या नोंदीत आणखी एक मजा आहे. ती झोपते कुठे, हे जॉन्सनला जाणून घ्यायचं होतं. वाटाड्याने तिला तिच्या भाषेत विचारलं, तर हे आपल्यासोबत झोपायला बघताहेत की काय, असा बाईला संशय आला.

रासे बेटावर बायका लोकरीचं कापड दाट व्हावं म्हणून दोन्ही हातांनी मळताना गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली, गाणी म्हणतात, बॉझवेलच्या नोंदीतला तो भागही सोडू नका. एरवी जॉन्सन स्कॉटिश लोकांना टोमणे मारायची संधी सोडत नाही, इथे मात्र तो त्या गाण्याच्या गोंगाटातही प्रश्न विचारत राहिलेला दिसतो.