वेतननिश्चिती कार्यालयाने चुकवली, मग वसुली गुरुजींच्या उपदानातून का?

गुरुजींची लेक
काल इथे 'करदाता' यांनी लिहिलं, "जादा पगार घेताना गोड लागला, आता परत करताना पोटात दुखतंय." वाचल्यापासून डोकं शांत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील ३३ वर्षं जिल्हा परिषदेचे शिक्षक. २०२३ ला निवृत्त झाले आणि उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, २,४१,३८० रुपये कापून घेतले. कारण काय, तर २००९ मध्ये सहाव्या वेतन आयोगाची निश्चिती करताना, म्हणजे नवा पगार ठरवताना, कार्यालयाने एक वेतनवाढ जास्तीची धरली. तीच चूक सातव्या आयोगात पुढे सरकली. सेवापुस्तकाचं ते पान मी स्वतः पाहिलंय. निळ्या शाईत निश्चिती, खाली साहेबांची सही, गोल शिक्का. बाजूला आता लाल शाईत 'अतिप्रदान, वसुली करावी', म्हणजे जादा दिलेले पैसे परत घ्या. वडिलांचं अक्षर त्या पानावर कुठेही नाही. सेवापुस्तक कार्यालयाच्या कपाटात, किल्ली कारकुनाकडे. चौदा वर्षं कुणालाच दिसलं नाही, आणि पेन्शनचे कागद निघाल्यावर दिसलं!

करदाता
ताई, वाईट वाटलं. पण पैसा कोणाचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात सांगितलंय की हा करदात्यांचा पैसा आहे, देणाऱ्या अधिकाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. तेही शिक्षकच होते.

लेखाशाखेतला जुना माणूस
आयुष्य या कामात गेलंय म्हणून सांगतो. २००९ ला आमच्या टेबलावर सेवापुस्तकांचे गठ्ठे होते, माणूस एक, आणि वरून रोज फोन, "बिलं कधी लावताय?" चुका झाल्या. पण नवा पगार घेण्याच्या विकल्पाबरोबर सगळ्यांनी हमीपत्र दिलं होतं की जादा रक्कम निघाली तर परत करीन. सर्वोच्च न्यायालयाचा जगदेवसिंग निकाल, २०१६. हमीपत्र दिलेल्याला ते बांधील.

गुरुजींची लेक
काका, जगदेवसिंग न्यायिक अधिकारी होते. माझे वडील वर्ग ३. त्याआधीचा सर्वोच्च न्यायालयाचाच रफिक मसीह निकाल वाचा, १८ डिसेंबर २०१४. वर्ग ३ आणि ४ कडून वसुली नाही. निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ दिलेल्या जादा रकमेची नाही. वडील तिन्हींत बसतात. २०२२ ला थॉमस डॅनियल प्रकरणात केरळचे एक शिक्षक, १९९९ ला निवृत्त झालेले, त्यांच्याकडची वसुलीही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आणि ते हमीपत्र! छापील फॉर्म, सही केली नाही तर नवा पगार निघणार नाही. त्याला राजीखुशी म्हणायचं?

करदाता
कायदा तुमच्या बाजूचा असेल. पण शिक्षकांनी पैशाच्या नैतिकतेवर बोलू नये. निम्मे तालुक्याच्या गावी फ्लॅट घेऊन राहतात आणि मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहतो म्हणून घरभाडे भत्ता उचलतात. २०२२ ला आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हेच मांडलं तर केवढा गदारोळ केलात. ते पैसे कोणाच्या चुकीने गेले?

वस्तीवरचा मास्तर
आता मात्र राहवत नाही. मुख्यालयी राहा म्हणता, खोली दाखवा! माझी शाळा डोंगरावरच्या वस्तीवर आहे. बावीस घरं, त्यांनाच जागा पुरत नाही. पहिली दोन वर्षं मी शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत झोपलो, तांदळाच्या पोत्यांशेजारी. उंदीर अंगावरून जायचे. बायकोला सातवा महिना लागला तेव्हा खाली बिऱ्हाड केलं. सर्वांत जवळचा दवाखाना एकोणीस किलोमीटर. चुकलं माझं?

करदाता
मग भत्ता घेऊ नका. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव कसा मिळवता, तेही लिहा.

वस्तीवरचा मास्तर
जीभ सांभाळा. माझ्या वस्तीतली पोरं आज पोलीस भरतीत आहेत.

सुलभा, निवृत्त मुख्याध्यापिका
घरभाड्यासाठी वेगळी चर्चा काढा. लेक वसुलीबद्दल विचारतेय. माझ्याकडून एमएससीआयटी, म्हणजे संगणकाचा कोर्स, वेळेत झालं नाही म्हणून वेतनवाढी परत घेतल्या. गावात संगणक नव्हता, वीज संध्याकाळी सातनंतर. पैसे मुकाट भरले. आजही रुखरुख आहे की एक साधा अर्जसुद्धा केला नाही.

करदाता
मी का चिडतो तेही ऐका. माझ्या वडिलांना पीएम किसानचे सहा हप्ते आले, १२,००० रुपये. एका वर्षी जमीन विकल्यामुळे आयकर भरावा लागला होता, तेव्हा ते अपात्र होते. अर्ज तलाठ्याने भरला, तपासला तहसीलने, पैसे दिल्लीने टाकले. नोटीस मात्र वडिलांच्या नावाने आली. त्यांनी शेळ्या विकून पैसे भरले. कोणी रफिक मसीह सांगितला नाही. तो निकाल नोकरदारांसाठी आहे, शेतकऱ्यासाठी नाही.

गुरुजींची लेक
दादा, हे आधी लिहिलं असतंत तर मी वेगळ्या सुरात बोलले असते. तुमच्या वडिलांवरही अन्याय झाला. पण त्यांनी भरले म्हणून माझ्या वडिलांनीही भरावेत, हे मला पटत नाही. चूक ज्याच्या टेबलावर झाली त्याला साधी विचारणा तरी होऊ द्या. इथे सहीवाल्या साहेबांना कोणी विचारलं नाही, ते पूर्ण उपदान घेऊन घरी गेले.

करदाता
हा मुद्दा मान्य. घरभाड्याचा सोडणार नाही.

लेखाशाखेतला जुना माणूस
मीही एक मान्य करतो. नोटीस न देता, म्हणणं न ऐकता उपदानातून कापणं चूकच. आमच्या काळातही असं झालंय, आणि मीही अशा टिपण्या लिहिल्यात. पण पुढची पेन्शन योग्य निश्चितीवरच बसणार. ती चूक चालू ठेवा असं कोणतंही न्यायालय म्हणणार नाही.

गुरुजींची लेक
पेन्शन कमी होऊ दे. वडिलांनी पहिल्याच दिवशी तसं लिहून दिलंय. भांडण मागच्या पैशाचं आहे.

लेखाशाखेतला जुना माणूस
मग माहिती अधिकारात सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत आणि वसुलीचा हिशेब वर्षवार मागा. दर महिन्याचा फरक काढायला लावा, तिथेही बेरीज चुकलेली सापडते. आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्या, पोच घ्या. जिल्हा परिषदवाल्यांना मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) नाही, थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. एकटे जाऊ नका, याच कारणाने कापलेले अजून चारजण तुमच्याच तालुक्यात मिळतील.

गुरुजींची लेक
तिघे मिळालेत. निवेदन सोमवारी देतेय.

वस्तीवरचा मास्तर
करदाता, रविवारी या वस्तीवर. खोली शोधून द्या, बिऱ्हाड घेऊन येतो.