बाबांचा कोट, आईची पैठणी आणि जहाजावरची 'फॉर्मल नाइट'

नौपाड्याची लेक

नमस्कार. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून क्रूझला निघाले आहे. चार रात्री, पेनांग आणि फुकेत करून परत. त्यांच्या लग्नाला यंदा 50 वर्षं होतात, त्यासाठी हा घाट घातला. तिकिटं झाली, केबिन मिळाली, आणि आता जेवणाच्या टेबलावर घोडं अडलंय.

बुकिंग करून देणारा म्हणाला, "एक रात्र फॉर्मल असते. काकांना सूट शिवून घ्या, नाहीतर मुख्य डायनिंग रूममध्ये घेत नाहीत." हे बाबांनी ऐकलं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 38 वर्षं टर्नर होते. लग्नात घातलेला कोटसुद्धा मामाचा, मागून आणलेला. गडकरी रंगायतनला नाटकाला जाताना ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि करडी पँट घालतात, त्यापलीकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही. आता रोज एकच घोकतात: "त्या रात्री तुम्ही दोघी जा. मी वरच्या बुफेत काहीतरी खाऊन घेईन." ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, तेच टेबलावर नसणार? मला हे अजिबात नको आहे.

आईचा प्रश्न वेगळा. तिला तिची वांगी रंगाची पैठणी नेसायची आहे, पण ती शुद्ध शाकाहारी, अंडंही खात नाही. बाबा मासे खातात, तेही बांगडा, सुरमई, बोंबील एवढेच. आणि मी? क्रूझवरच्या जेवणाचे फोटो बघत बसले होते. लसणीच्या लोण्यातल्या गोगलगायी, बेडकाचे पाय, थंडगार स्ट्रॉबेरीचं सूप. मला गोगलगाय चाखून बघायची खरंच फार इच्छा आहे. पण शेजारी आई बसलेली असताना ती बशी मागवावी का? तिचं जेवण विटेल का?

कुणी अशा डायनिंग रूममध्ये जेवलंय का? बाबांना काय शिवू? कृपया नीट सांगा, माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे.

ऐरोलीचा माजी वेटर

ताई, मी 14 वर्षं जहाजांवर डायनिंग रूममध्येच होतो. आधी असिस्टंट वेटर, मग वेटर. तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण तुमच्या बाबांसारखी माणसं मी दारातून परत जाताना पाहिली आहेत.

एक प्रसंग सांगतो. भूमध्य समुद्रातली फेरी होती. आपल्याकडचं एक वयस्कर जोडपं माझ्याच टेबलावर होतं. पहिल्या रात्री छान गप्पा झाल्या. दुसरी रात्र फॉर्मल. दोघं दारापर्यंत आली, आत काळे सूट आणि लांब गाऊन पाहिले, आजोबांनी स्वतःच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाकडे पाहिलं आणि दोघं वळली. कुणी अडवलं नव्हतं. माझ्या हातात भरलेला ट्रे होता, मला हाक मारता आली नाही. हे मला अजून सलतं. पुढच्या फॉर्मल रात्रीआधी मी त्यांना सांगितलं, "आजोबा, काल किनाऱ्यावर फिरताना घातला होता तो झब्बा घाला आणि या." आले. जेवण संपेपर्यंत उठले नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट: सूट लागत नाही. क्युनार्ड ही या बाबतीत सगळ्यात कडक कंपनी मानली जाते, तिथे गाला रात्री, म्हणजे फॉर्मल रात्री, डिनर जॅकेट नाहीतर गडद सूट सांगतात. पण आपल्या देशाचा औपचारिक पोशाख तिथेही चालतो, आणि हे नियमातच आहे. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइनने फॉर्मल रात्रीची सक्तीच ठेवलेली नाही. बाकीच्या बहुतेक या दोघांच्या मधल्या. माझ्या टेबलांवर स्कॉटलंडचे लोक किल्ट घालून बसले आहेत, नायजेरियाची कुटुंबं घोळदार आगबाडा घालून, फिलिपिन्सचे पुरुष बारोंग नावाचा भरतकामाचा पांढरा सदरा घालून. बारोंग पँटीच्या बाहेरच सोडतात आणि त्याला टाय नसतो. अडवतात ते हाफ पँट, बिनबाह्यांचे बनियन, पोहण्याचे कपडे, अनवाणी पाय यांना.

बाबांसाठी बंद गळ्याचा जोधपुरी शिवा. टायचा प्रश्नच मिटतो. किंवा पांढरा झब्बा आणि वर जाकीट. पायात बंद बूट, आणि ते आधी आठ दिवस घरात घालून बघायला सांगा, नवीन बूट चावतात. कापड मात्र आजच टाका. दिवाळी तोंडावर आली की शिंपी माप घ्यायलाही तयार होत नाहीत.

आता आईंचं जेवण. हे मी जरा विस्ताराने लिहितो, कारण घोळ इथेच होतो. जहाजाच्या स्वयंपाकघरात 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात. त्यामुळे नुसतं तेवढं सांगून भागत नाही. अंडं नाही, मासे नाहीत, मांसाच्या पाण्यात शिजवलेलं नाही, जिलेटिन नाही, असं एकेक म्हणायचं. भाज्यांचं दिसणारं सूप कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्यात केलेलं असू शकतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे बारीक मासे वाटलेले असतात. पन्ना कोटा हे दुधाचं पांढरंशुभ्र गोड दिसतं, पण ते थिजवतात जिलेटिनने, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या पदार्थाने.

बुकिंगमध्ये आत्ताच लिहून ठेवा आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटा. तो दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवू शकतो, त्यावरून आईंचं ताट ठरवता येतं. स्वयंपाकघरात आपले आचारी पुष्कळ असतात. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात की डाळ-भात-भाजी ही काही विशेष मागणी राहिलेली नाही.

गोगलगायींचं म्हणाल तर जरूर मागवा. बशीला सहा खळगे असतात, एकेका खळग्यात एकेक, वर लसूण-पार्स्लीचं लोणी. आमच्याकडे शंखातून काढलेल्याच यायच्या, त्यामुळे दिसायला काही भयंकर नसतं. वास येतो तो भाजलेल्या लसणीचा. आईंना आधी सांगा, बशी तुमच्या बाजूला ठेवायला सांगा, आणि नाही आवडली तर सरळ बाजूला सारा. वेटर दुसरं काहीतरी आणून देतो. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. अर्धं खाऊन उपाशी उठलेलं माणूस पाहिलं की वाटतं.

थंड फळांचं सूप आईंना आवडेल. फळांचा गर आणि दही किंवा साय, आपल्या शिकरणीच्या जवळचं. तरी एकदा विचारून घ्या.

शेवटच्या रात्री 'बेक्ड अलास्का' निघालं तर ते बघायला लावा. आत आइस्क्रीम, बाहेर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा फेस, आणि हे सगळं भट्टीत भाजलेलं. फेसातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे उष्णता आत पोचत नाही. आम्ही दिवे मालवून ते मिरवत आणायचो. आईंना खाता येणार नाही, पण नुसतं पाहायलाही छान असतं.

घोडबंदरवासी

दोन गोष्टी. एक, केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही, आगीच्या भीतीने काढून घेतात. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि केबिनपाशी उशिरा येतात, म्हणून औषधं हातातल्या पिशवीत हवीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दिवाळीचा फराळ बरोबर नेणार असाल तर अनारसे घरीच ठेवा. सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. अनारशावरची खसखस, मसाल्याच्या डब्यातली खसखस, काहीच नको. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर चढवूच देत नाहीत, बंद पाकिटातली चिवडा-शेव बहुधा चालते.

नौपाड्याची लेक

बाप रे, अनारसे! आईने तांदूळ भिजवायचं ठरवूनही टाकलं होतं. तुमचे फार आभार.

ऐरोलीच्या दादा, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बारोंगचा फोटो दाखव म्हणाले. बराच वेळ बघत होते. बेडकाच्या पायांबद्दल काय सांगाल?

ऐरोलीचा माजी वेटर

चव कोंबडीच्या जवळ जाते, बारीक हाडं फार. मी स्वतः खात नाही. आपल्या शेतांमधून पकडून बेडकांचे पाय परदेशी पाठवले जायचे, 1987 मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. बेडूक कमी झाले की शेतातली कीड वाढते, हे माझ्या वडिलांनी गावाकडे पाहिलेलं. हा माझा विचार, तुम्ही तुमचं ठरवा.

दिवाळ्याची कोळीण

ताई, मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातली. मुलगा जहाजावर इंजिनाच्या खात्यात आहे, त्याच्या सवलतीत आम्ही नवरा-बायको एकदा युरोपातल्या क्रूझवर गेलो. गालाच्या रात्री मी माझं कोळी पद्धतीचं लुगडं नेसले, अंगावर सगळं सोनं, डोक्यात वेणी. सून म्हणत होती गाऊन घ्या. मी म्हटलं, हळदीला, नारळी पुनवेला, देवीच्या पालखीला मी हेच नेसते, याच्यावर मोठा पोशाख माझ्याकडे नाही. आत गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाईने उठून जवळ येऊन पदराचा काठ बघितला.

तिथे बर्फावर कालवं आली, कच्ची, वर लिंबू. कालवं मी लहानपणापासून खाते. माझी आजी भरती ओसरली की खाडीतल्या खडकांवरून काढून आणायची, आम्ही ती चिंच आणि वाटण लावून करतो. कच्ची माझ्या घशाखाली जाईनात. वेटरला सांगितलं तर त्याने पालक आणि पावाचा चुरा घालून भाजलेली आणली. ती आवडली. एवढी महाग म्हणून लोक बोटावर मोजून खात होते, आणि आजी ती टोपलीने आणायची, हे मी नवऱ्याला रात्रभर सांगत होते.

गोगलगाय पण खाल्ली. खुबे खाल्लेत का कधी? चावायला साधारण तशीच, थोडी जास्त चिवट. चव सगळी लसूण-लोण्याची. पाव मागून घ्या, बशीतलं लोणी टिपायला.

आणि तिथे एसी फार असतो. आईंच्या पैठणीवर शाल लागेल. डेक ओला असतो, निऱ्या जमिनीला टेकू देऊ नका. बाबांना माझा नमस्कार सांगा.

नौपाड्याची लेक

आज संध्याकाळी बाबांना घेऊन जांभळी नाक्याजवळच्या आमच्या जुन्या शिंप्याकडे जाऊन आले. माप देताना बाबा अगदी ताठ उभे होते. कापड त्यांनीच निवडलं, गडद करडं. शिंप्याने बटणं कसली लावू विचारलं तर म्हणाले, "पितळेची. चांगली घासलेली." पितळ त्यांनी आयुष्यभर लेथवर कापलंय. घरी येऊन चार बटणांची मापं कागदावर काढून बसलेत. जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः करून आणणार आहेत.

आईने मेनूचे फोटो मागितले. तिला ते थंड स्ट्रॉबेरीचं सूप हवंय. गोगलगायीचं विचारलं तर म्हणाली, "तू खा, मी समुद्राकडे बघेन."

हेड वेटरला दाखवायचा आईचा कागद मी इंग्रजीत लिहितेय: अंडं, मासे, मांसाचं पाणी, जिलेटिन. दादा, आणखी काही राहिलंय का?

ऐरोलीचा माजी वेटर

चीज. काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पदार्थाने विरजतात, परमेसान त्यातलंच. आईंना चालत नसेल तर तेही लिहा. आणि कागदावर खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ घाला: आज लग्नाला 50 वर्षं झाली. आम्ही असा कागद स्वयंपाकघरात भिंतीवर लावायचो.