स्वतःच्या कविता आंतरजालावर मांडाव्यात की दिवाळी अंकांसाठी राखून ठेवाव्यात?

शब्दवेल (कोथरूड)

नमस्कार. गेली बारा वर्षे मी कविता लिहिते आहे आणि त्या अजून वहीतच आहेत. टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषदेत काव्यवाचन असले की मी आवर्जून जाते, परंतु श्रोत्यांत बसून परत येते. आता एकेक कविता आंतरजालावर वाचकांपुढे ठेवावी असे मनापासून वाटते. मात्र दिवाळी अंकांच्या आवाहनात ‘पूर्वप्रकाशित साहित्य पाठवू नये’ अशी अट बहुधा असते. शिवाय मी मैत्रिणीला पाठवलेल्या एका कवितेच्या चार ओळी मागच्या पावसाळ्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरत फिरत माझ्याकडेच आल्या, त्याही ‘अनामिक’ म्हणून. त्या दिवशी मला फार वाईट वाटले. आधी कुठे नोंदणी करून घ्यावी लागते का?

मुठेकाठ

नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार कविता लिहून झाली की तिचा प्रताधिकार आपलाच असतो, आणि तो कवीच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला दिले तरीही ‘ही कविता माझी आहे’ असे सांगण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. वहीत प्रत्येक कवितेखाली तारीख घालत जा. आणखी एक अनुभवाची गोष्ट सांगतो. कविता आणि नाव यांच्यामध्ये मोकळी ओळ सोडली, तर पुढे पाठवणारा कवितेपुरताच मजकूर उचलतो आणि नाव मागे राहते. म्हणून नाव शेवटच्या ओळीला लागूनच ठेवावे.

जुना वाचक, सदाशिव पेठ

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कविता मी काही वर्षे वाचत असे. आंतरजालावर मांडलेली कविता आम्ही प्रकाशितच धरत होतो, कारण अंक विकत घेणाऱ्याला नवे काही मिळावे ही अपेक्षा रास्त आहे. तरीही त्या भीतीने अख्खी वही बंद ठेवणे मला मुळीच पटत नाही. अंकात एका कवीच्या फार तर एक-दोन कविता जातात. तेवढ्यासाठी चार-पाच बाजूला काढाव्यात आणि बाकीच्या निःशंकपणे वाचकांना द्याव्यात.

लगक्रम

आपण वृत्तात लिहीत असाल, तर पडद्याची रुंदी हा खरा प्रश्न आहे, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात याची मला खंत वाटते. भुजंगप्रयाताची १२ अक्षरांची ओळ फोनवर सहसा सुखरूप बसते. शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरांची ओळ मात्र अक्षर मोठे ठेवणाऱ्या वाचकाच्या फोनवर भलत्याच ठिकाणी तुटते, आणि उरलेले एखादे अक्षर खालच्या ओळीत एकटेच पडते. ओळ तुटणारच असेल, तर ती १२ व्या अक्षरानंतरच्या यतीवर, म्हणजे ओळीतल्या ठरलेल्या विरामावर, आपणच तोडावी आणि उरलेली ७ अक्षरे थोडी आत सरकवून लिहावीत. तसेच जुन्या संगणकावर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या कविता असतील, तर त्या रूपांतरित करून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून तपासा, कारण रूपांतरात ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाल्यास मागचे अक्षर गुरू (दोन मात्रांचे) होऊन वृत्तच बिघडू शकते.

शब्दवेल (कोथरूड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच कविता बाजूला काढल्या आहेत. सुरुवात त्या ‘अनामिक’ झालेल्या कवितेपासूनच करणार आहे. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर मुठा नदीवरचा भिडे पूल बुडतो, त्या दिवसाची ती कविता आहे. ती शार्दूलविक्रीडितात असल्याने काल रात्री प्रत्येक ओळ १२ व्या अक्षराशी तोडून पाहिली. तिसऱ्या ओळीत ‘पुलाखाली’ हा शब्दच यतीवर दुभंगतो आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते. ती ओळ आज पुन्हा लिहायला घेतली आहे.