कॅमेऱ्याचे तुटक चित्रण आणि रिकामे बसलेले कोअर

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. मंगळवारी रात्री टँकर आला त्या वेळचे फाटकावरील चित्रण पुन्हा तुटक निघाले, त्यामुळे त्या रात्री टँकर दोन आले की तीन, हे बिलाशी ताडून पाहता आले नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या लातूरकरांनी भरले, त्यांना टँकरच्या हिशेबाचे महत्त्व सांगायला नको. आपल्या सोसायटीचे इंटरनेट आणि कॅमेऱ्यांचे चित्रण ज्या संगणकातून जाते, तो बदलून नवीन घेण्याचा ठराव रविवारच्या बैठकीत मांडावा, अशी माझी सूचना आहे.

सी-४०१ : काका, ठराव मांडण्यापूर्वी कृपया हे वाचावे. काल रात्री नऊ वाजता मी वॉचमनच्या खोलीत बसून आपला लिनक्स संगणक तपासला. ‘टॉप’ हा कामाचा भार दाखवणारा प्रोग्राम सुरू करून १ हा अंक दाबला की प्रत्येक कोअरची, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाची, वेगळी ओळ दिसते. चारपैकी पहिल्या कोअरचा ९७ टक्के वेळ ‘एसआय’ या रकान्यात, म्हणजे सॉफ्ट इंटरप्टच्या (नेटवर्कवरून आलेली माहिती हाताळण्याच्या) कामात जात होता आणि बाकीचे तीन जवळजवळ रिकामे होते. लिनक्सच्या ‘प्रॉक’ फोल्डरमधील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडली, तेव्हा कारणही समोर आले. बाहेरून इंटरनेट आणणारे नेटवर्क कार्ड आणि घरे व कॅमेरे जोडलेले कार्ड, या दोन्हींच्या ओळींत पहिल्या कोअरखाली कोट्यवधींचे आकडे होते, तर पुढच्या तिन्ही रकान्यांत शून्य.

पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे पुडके, आले की कार्ड प्रोसेसरला हाक मारते, तो इंटरप्ट. ज्या कोअरने हाक ऐकली, त्यालाच पुढे पॅकेट उचलणे, फायरवॉलच्या नियमांतून काढणे आणि मार्गी लावणे ही सगळी कामे करावी लागतात. रात्री आठनंतर घरोघरी टीव्ही आणि मोबाइल सुरू झाले की आपला पहिला कोअर पुरा पडत नाही, कार्डाची रांग भरते आणि त्यानंतर आलेली पॅकेट टाकून दिली जातात; त्यांत कॅमेऱ्यांचीही असतात, आणि टँकर नेमका त्याच वेळी येतो.

बी-१०४ : दादा, मग चारही कोअरनी आळीपाळीने हाक ऐकावी, अशी व्यवस्था करता येणार नाही का?

सी-४०१ : ताई, प्रश्न रास्त आहे, पण तसे करणे हिताचे नाही. एकाच कार्डाची हाक दर वेळी वेगळ्या कोअरकडे गेली, तर एका कोअरच्या कॅशमधील (त्याच्या जवळच्या तात्पुरत्या स्मृतीतील) माहिती दुसऱ्याच्या कामी येत नाही आणि पॅकेटचा क्रमही बिघडू शकतो. अनेक रांगांच्या कार्डात प्रत्येक रांगेला स्वतःचा इंटरप्ट असतो, त्यामुळे रांगा वेगवेगळ्या कोअरना देता येतात. पण आपली दोन्ही कार्डे एकाच रांगेची आहेत.

म्हणून कोणत्या कोअरने हाक ऐकावी हे ठरवणाऱ्या ‘एसएमपी अ‍ॅफिनिटी’ या प्रत्येक कार्डाच्या स्वतंत्र फाइलमध्ये एका कार्डासाठी १ आणि दुसऱ्यासाठी २ लिहावे, असे मी सुचवतो. पहिल्या कोअरची खूण १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४ आणि चौथ्याची ८ असते. त्यापुढचे पॅकेटचे काम ‘आरपीएस’ (रिसीव्ह पॅकेट स्टीअरिंग) या कामाची वाटणी करणाऱ्या सोयीकडून तिसऱ्या आणि चौथ्या कोअरकडे द्यावे, ४ आणि ८ मिळून १२, म्हणजे षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीत ‘सी’. ही सोय लिनक्समध्ये २०१० सालच्या २.६.३५ या आवृत्तीपासून आहे. ती पॅकेटवरील पत्ते आणि पोर्ट पाहून कोअर ठरवते, त्यामुळे एका कॅमेऱ्याचा प्रवाह एकाच कोअरकडे राहतो आणि क्रम मोडत नाही.

बी-१०४ : यासाठी आयता प्रोग्राम मिळत नाही का?

सी-४०१ : ‘आयआरक्यूबॅलन्स’ आहे. तो साधारण दर १० सेकंदांनी भार पाहून इंटरप्टची वाटणी बदलतो, पण एका रांगेच्या कार्डाची हाक त्यालाही विभागता येत नाही आणि आरपीएसची मांडणी तो करत नाही. शिवाय हाताने केलेली वाटणी तो बदलू शकतो. दोनच कार्डे असताना मला तो नको वाटतो.

ए-२०३ : ठीक आहे. ठराव पुढे ढकलतो, आपण बदल करून पाहावा.

सी-४०१ : काका, गुरुवारी दुपारी बदल केले. संध्याकाळी लाइट गेली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि सगळे आकडे पुसले गेले. म्हणून संगणक सुरू होतानाच ते आपोआप लिहिले जावेत अशी सिस्टमडी सेवा बसवली आहे. काल रात्री नऊ वाजता कोणताही कोअर ४५ टक्क्यांच्या वर गेला नाही आणि टाकून दिलेल्या पॅकेटचा आकडा तासभर जागचा हलला नाही. कालच्या चित्रणात तिन्ही टँकरच्या नंबर प्लेट स्पष्ट वाचता येतात. ते चित्रण आपण बिलाशी ताडून पाहावे.