वेगासचा बुफे एकदाच खायचाय: बॅकनॅल, विन, विकेड स्पून की आणखी कुठला?

वेलदोडा:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना घेऊन लास वेगासला जातोय. जुगार कोणी खेळणार नाही (सासऱ्यांनी वीस डॉलर घालवायला म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवलेत, ते सोडून). पण "तो मोठा बुफे" बघायचाच, हे दोघांनी विमानात बसायच्या आधीच ठरवलंय.

अडचण खाणाऱ्यांची आहे. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासरे मासे आवडीने खातात, पण मटण-बीफ नाही. नवरा सगळं खातो आणि भरपूर खातो. लेक नऊ वर्षांचा, त्याचं जेवण म्हणजे पास्ता आणि आइस्क्रीम. मी आपली मधली. पाच जणांचा रात्रीचा हिशेब केला तर टॅक्स-टिप धरून चारशेच्या वर जातोय. म्हणून एकदाच, पण चांगल्या ठिकाणी जायचंय.

जिथे बघावं तिथे "इतके शे पदार्थ" असे आकडे दिसतात. त्यावरून चव कशी कळणार? ज्यांनी खाल्लंय त्यांनी सांगा.

उंडारू:
बॅकनॅल, सीझर्स पॅलेस. डोळे झाकून. खेकडा, पेकिंग डक, डिमसम, सगळं एका छताखाली. मिष्टान्नाचं काउंटर बघूनच मुलगा वेडा होईल. आयुष्यात एकदा जाताय तर कंजुषी नको.

तांबडा_रस्सा:
वेलदोडाताई, बॅकनॅल वाईट नाहीच. पण तुमच्या घरातली माणसं बघता मी तिथे नेणार नाही.

मी हॉटेलच्या किचनमध्ये आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं वेगासला, बँक्वेटच्या बाजूला. कुठल्या हॉटेलात ते विचारू नका. आता निवृत्त आहे, पण देशातून कुणाचेही पाहुणे आले की बुफेला न्यायची जबाबदारी माझ्यावरच येते.

पहिलं म्हणजे पदार्थांच्या आकड्याला भुलू नका. त्या शेकड्यांत चीजचा प्रत्येक प्रकार, प्रत्येक ड्रेसिंग, फळाची प्रत्येक फोड मोजलेली असते. मी आत गेलो की ताट उचलत नाही, आधी एक फेरी मारतो आणि पॅन बघतो. गरम काउंटरवरचं पॅन उथळ आणि लहान असेल, अर्धं संपायच्या आत दुसरं येत असेल, तर मागचं किचन जागं आहे. खोल पॅन, वर दिवा आणि कडेला सुकलेली साय दिसली की ते अन्न बराच वेळ तसंच पडून आहे असं समजा. इथल्या नियमाने गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ५७ सेल्सिअसच्या खाली ठेवता येत नाही. ते सुरक्षित राहतं हे खरं, पण इतक्या उष्णतेवर पदार्थ वाळतही जातो. मासा आधी मरतो, मग पास्ता. रश्शातले, मंद शिजवलेले पदार्थ टिकतात. म्हणून सासऱ्यांना सांगा, पॅनमधला सॅमन घ्यायचा नाही. मासा खायचा तर जिथे माणूस समोर उभा राहून बनवतोय किंवा कापतोय तिथलाच.

आता खेकडा. बॅकनॅलच्या दराचा मोठा भाग तुम्ही त्याच्यासाठीच मोजता. स्नो क्रॅबचे पाय मधोमध उभे चिरून ठेवलेले असतात, काट्याने मांस सरळ निघतं, दातांची लढाई नाही. थंड ढिगातून उचलण्यापेक्षा गरम करून मागायचे, सोबत वितळलेलं लोणी. एक गोष्ट कुणी सांगत नाही: हे पाय पकडल्यावर लगेच उकडून खारवणीत गोठवलेले असतात, त्यामुळे काही पाय फार खारट निघतात. म्हणून आधी दोनच घ्या, चव बघा, मग ताट भरा. २०२२ साली अलास्काने बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅबचा हंगाम पहिल्यांदाच पूर्ण रद्द केला. त्याच वर्षी अमेरिकेने रशियाची मासळी आयात करणं बंद केलं. एवढं झाल्यावर खेकडा स्वस्तात खायला घालायला कुणाला परवडेल?

म्हणून माझा हिशेब साधा आहे. जो खेकडा, प्राइम रिब (बीफचा भाजलेला तुकडा) आणि बदक खातो त्याचे बॅकनॅलमध्ये पैसे वसूल. तुमच्याकडे असा एकच गडी आहे, नवरा. सासूबाईंचं ताट काहीही केलं तरी ऐंशी डॉलरचं होत नाही. आणि तिथे बसायला दीड तासच मिळतो, म्हातारी माणसं बरोबर असली की तो वेळ फेऱ्या मारण्यातच जातो.

स्वयंपाक म्हणाल तर माझं मत विकेड स्पूनला, कॉस्मोपॉलिटनमध्ये. तिथे बरेचसे पदार्थ एकेकाच्या वाट्यापुरते, छोट्या पातेल्यांत नाहीतर तळणीच्या इवल्याशा जाळ्यांत मांडलेले असतात. दिसायला नखरा वाटतो, पण त्यामुळे पदार्थाला दहा जणांचा चमचा लागत नाही आणि वरचं आवरण कुरकुरीत राहतं. पसारा लहान आहे. कोरोनानंतर फक्त ब्रंचच चालू असतो. नवरा-बायको दोघंच असाल तर तिथेच जा. सासूबाईंना मात्र तिथे फार काही मिळणार नाही.

तुमच्यासाठी विन. २०१० च्या सुमारास या हॉटेलचा तेव्हाचा सर्वेसर्वा स्टीव्ह विन स्वतः व्हीगन (म्हणजे दूध-अंडंही न खाणारा) झाला आणि त्याने आपल्या सगळ्या रेस्टॉरंटांत व्हीगन पदार्थ ठेवायला लावले. तो माणूस कंपनीतून कधीच गेला, ती सवय मात्र किचनमध्ये उरली. भाजीचा पदार्थ तिथे उपकार म्हणून कोपऱ्यात ठेवलेला नसतो, त्यालाही भाजलेपण, आंबटपण, मसाला असतो. व्हीगन पदार्थांवर तशी पाटी असते, नसेल तर काउंटरवरचा माणूस आत विचारून येतो. जागा उजेडाची, फुलांनी सजवलेली. सासूबाईंना तेवढ्यानेच निम्मं समाधान होईल. वेळही दोन तास मिळतो.

जायचं ते आठवड्यातल्या दिवशी, ब्रंचला. दर रात्रीपेक्षा बराच खाली असतो. सकाळी फक्त चहा-बिस्किट, अकराच्या पुढे आत शिरायचं, रात्री कुणी जेवायला मागत नाही. नाताळच्या दोन-तीन दिवसांत मात्र सगळीकडे सणाचे वाढीव दर लागतात, तेवढे दिवस टाळा.

वेलदोडा:
तांबडा_रस्सा, तुमचं वाचून नवऱ्याचा चेहरा पडला, सासूबाई खूश. पण व्हीगन पाटी नसलेलं काय काय चालेल? त्यांना दूध-तूप चालतं. अंडं, मांस-मासे नको. आणि पूर्वी वेगासला बुफे फुकटात मिळायचे म्हणतात, ते खरं का?

तांबडा_रस्सा:
पाटी नसेल तिथे विचारल्याशिवाय ताटात घ्यायचं नाही. मेक्सिकन काउंटरवरचे घोटलेले बीन्स दिसायला अगदी आपल्यातले, पण त्यात डुकराची चरबी असू शकते. भात पुष्कळदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये छोटे मासे. चिनी भाज्यांना ऑयस्टर सॉस. ताज्या पास्त्यात अंडं, ब्रिओश पावात अंडं. मूस किंवा पानाकोटात जिलेटिन. बर्फगोळ्यासारखं फळांचं सॉर्बे बहुतेक वेळा चालून जातं. आणखी एक, शाकाहारी आहोत असं नुसतं सांगू नका, "अंडं नको, मासा नको, कोंबडीचं पाणी नको" असं एकेक सांगा. इथल्या बऱ्याच लोकांना शाकाहारात अंडं धरलेलंच असतं.

फुकट नव्हते, पण फुकटासारखे होते. १९४० च्या दशकात एल रँचो व्हेगास नावाच्या हॉटेलात एका डॉलरला हवं तेवढं खा असा मध्यरात्रीचा बुफे सुरू झाला. मध्यरात्रीचा का? तर शो संपल्यावर गिऱ्हाईक झोपायला जाऊ नये, पोट भरून परत जुगाराच्या टेबलावर बसावं. जेवणात तोटा, जुगारात नफा. पुढे कंपन्यांचं राज्य आलं आणि प्रत्येक विभागाने आपापला नफा दाखवायचा असं झालं. २०१२ मध्ये बॅकनॅलवर १ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले तेव्हाच कळलं होतं की आता बुफे हे आमिष राहिलेलं नाही, तो विकायचा माल झालाय. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले आणि त्यातले निम्मे उघडलेच नाहीत. रिओ हॉटेलचा कार्निव्हल वर्ल्ड गेला, आरिया हॉटेलचा गेला, तिथे आता फूड हॉल आहेत. सीझर्सचा चोवीस तासांचा पास असायचा, एका किमतीत त्यांच्या वेगवेगळ्या हॉटेलांत हिंडून खा. तोही गेला. आमच्याकडचे काही पाहुणे त्या पासवर अक्षरशः राहिले आहेत.

गाडीवान:
स्ट्रिपच्या (मोठ्या कॅसिनो-हॉटेलांचा तो मुख्य रस्ता) बाहेर बघितलं का कुणी? गाडी असेल तर पाम्स हॉटेलमधला ए.वाय.सी.ई. बुफे बघा. लॉबस्टरच्या ठरावीक रात्री असतात, दर स्ट्रिपपेक्षा कमी, पार्किंगला पैसे नाहीत. स्ट्रिपवर नुसती गाडी उभी करायलाच कितीतरी जातात. भपका नाही, पण खेकडा-लॉबस्टर खाणाऱ्याला झुंबराशी काय करायचंय? नवऱ्याला तिथे सोडा आणि बाकीचे विनला जा, हाहा.

उंडारू:
लोक इतका हिशेब लावून कसं जेवतात कळत नाही. बॅकनॅलचं बदक पुन्हा खाऊन बघा रस्सेसाहेब.

तांबडा_रस्सा:
बदक उत्तम असतं, कबूल. कातडी कापताना आवाज येतो की नाही ते बघून घ्यायचं, येत नसेल तर पुढचं येईपर्यंत थांबायचं. पण वेलदोडाताईंच्या पाचांतले बदक खाणारे एक किंवा दीड.

गाडीवान, पाम्स चांगलं आहे, मान्य. पण देशातून आलेल्या सासू-सासऱ्यांना वेगास बघायचंय, त्यांना झुंबर हवंच.

मांडवीकाठी:
आम्ही एकदा गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो-जहाजावर गेलो होतो, तिथे आत शिरायच्या तिकिटातच बुफे आणि पिणं येतं. जेवण ठीकठाक, लग्नाच्या हॉलमधल्यासारखं. पण तिथे हिशेब उलटा, जुगार खेळला नाही तर ते जेवण भयंकर महाग पडतं. वेगासला निदान नुसतं जेवून बाहेर पडता येतं. एक शंका, नऊ वर्षांच्या मुलाला कॅसिनोत सोडतात का?

तांबडा_रस्सा:
बुफेत सोडतात, लहान मुलांना दरही कमी असतो. जुगाराच्या जागी मात्र एकवीसच्या खालच्याला थांबू देत नाहीत. मशिनांमधून वाट गेली असेल तर मुलाला घेऊन चालत राहायचं. सासऱ्यांचे वीस डॉलर संपेपर्यंत त्याला शेजारी उभं केलंत तर सिक्युरिटीवाला येऊन उठवेल. आजोबांना एकट्यांना खेळू द्या, तुम्ही मुलाला घेऊन विनच्या फुलांकडे जा.

आणि ताई, टेबल आधी बुक करा. दारात जाऊन उभं राहिलं की सुट्टीच्या दिवसांत तासभर रांग ठरलेली, आणि सासऱ्यांचं पाकीट तिथेच रिकामं होईल. दारूसाठी म्हणून जो वेगळा दर विचारतात त्याला नाही म्हणा, सरबत-कॉफी जेवणातच धरलेली असते. वाढपी नाहीत म्हणून टिप नाही असं करू नका, ताटं उचलणारा आणि पाणी आणणारा माणूस असतो. माणशी दोन-चार डॉलर टेबलावर ठेवा.

वेलदोडा:
विन, बुधवारी, ब्रंच, साडेअकरा. बुक केलं. नवऱ्याने गाडीवानांचं ऐकून एका रात्री पाम्सचा लॉबस्टर स्वतःपुरता मागून घेतलाय, सासरे म्हणतात मीही येतो.