मदत हवी आहे: सॅसमध्ये अटीनुसार मॅक्रो व्हेरिएबलची किंमत कशी ठरवावी?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातील तालुकावार पर्जन्यमानाचा मासिक अहवाल मी सॅस या आकडेवारी-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करते. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला जेवढा पाऊस कोसळतो, त्याच्या जवळपासही अथणीचा पाऊस जात नाही. त्यामुळे घाटाकडील एका केंद्राची नोंद राहिली तरी जिल्ह्याची सरासरी पार बदलते. म्हणूनच नोंदी अपुऱ्या असतील तर शीर्षकात ‘तात्पुरता’ आणि सगळ्या आल्या असतील तर ‘अंतिम’ असे आपोआप उमटावे, अशी माझी इच्छा आहे.

त्यासाठी हा शब्द ‘स्थिती’ या मॅक्रो व्हेरिएबलमध्ये (कोडमध्ये नावाने वापरता येणाऱ्या साठवलेल्या मजकुरात) ठेवायचा आहे. डेटा स्टेपमध्ये, म्हणजे डेटा ओळीओळीने वाचणाऱ्या भागात, पुढील ओळी आहेत (वाचण्यासाठी देवनागरीत देत आहे):

इफ मिसिंग(पाऊस) देन डू; %लेट स्थिती = तात्पुरता; एंड;
एल्स डू; %लेट स्थिती = अंतिम; एंड;

कणकुंबीचा रकाना रिकामा असूनही लॉगमध्ये दर वेळी ‘अंतिम’च दिसते. %लेटऐवजी कॉल सिम्पुटएक्स वापरले, तर त्याच स्टेपमध्ये &स्थिती जुनीच किंमत दाखवते. येथे योग्य मार्ग कोणता, आणि %इफ वापरावे का? कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

%लेट हे मॅक्रो प्रोसेसरचे (कोड चालण्याआधी त्यातला मजकूर तयार करणाऱ्या भागाचे) विधान आहे. डेटाची पहिली ओळ वाचण्यापूर्वी, स्टेप कंपाइल होत असतानाच ते पार पडते, त्यामुळे तुमची इफची अट त्याला लागूच होत नाही. दोन्ही %लेट क्रमाने चालतात आणि शेवटचे टिकते. सिम्पुटएक्स मात्र प्रत्यक्ष स्टेप चालताना किंमत ठेवते. &स्थिती त्याआधीच उलगडलेली असते, म्हणून नवी किंमत स्टेप संपवणाऱ्या रन विधानानंतर वापरावी; त्याच स्टेपमध्ये हवी असल्यास सिमगेट हे फंक्शन आहे.

तरीही प्रत्येक ओळीवर सिम्पुटएक्स चालवले, तर शेवटच्या केंद्राची नोंदच निकाल ठरवील आणि कणकुंबीची उणीव झाकली जाईल. शेवटची ओळ ओळखता यावी म्हणून सेट विधानात एंड=शेवट द्या आणि आधी मोजणी करा:

रिकामे + मिसिंग(पाऊस);
इफ शेवट देन कॉल सिम्पुटएक्स('स्थिती', इफसी(रिकामे > 0, 'तात्पुरता', 'अंतिम'));

डेटातील किमतींवरून निर्णय घेण्याचे काम %इफचे नाही. स्थितीनुसार एखादी संपूर्ण स्टेप चालवायची की गाळायची, हे ठरवताना ते कामी येते. मॅक्रोबाहेर (मॅक्रो म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा) ते सॅस 9.4 च्या पाचव्या मेंटेनन्स आवृत्तीपासून, %डू आणि %एंडसह चालते; त्याआधीच्या आवृत्तीत मॅक्रो लिहावाच लागतो.

शीर्षकाला दुहेरी अवतरणचिन्हेच द्या; एकेरी चिन्हांत &स्थिती जशीच्या तशी छापली जाते.