प्रति: बाबांना गॅलरीत मुलं दिसतात

'तिथे कुणी नाहीये' म्हटलं की बाबा चिडतात, असं वर लिहिलंय तुम्ही. मग म्हणूच नका. ल्युई बॉडी डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) असे भास नेहमीचेच. आमच्या सासूबाईंना सोफ्यावर मांजर दिसायचं. त्या घाबरत नव्हत्या, म्हणून आम्हीही 'बसू दे की' म्हणायचो. बाबा घाबरले तर मात्र दिवा लावा, खुर्चीवर टाकलेला, माणसासारखा भासणारा टॉवेल उचला, त्यांना दुसऱ्या खोलीत न्या.

आता खरं महत्त्वाचं. भासांवर हॅलोपेरिडॉलसारखं औषध या आजारात जिवावर बेतू शकतं. अंग ताठरतं, माणूस गुंगीत जातो. उद्या पडून बाबांचं हाड मोडलं आणि रात्री त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात गोंधळ घातला, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असं नाही. फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा. रिवास्टिग्मिन या औषधाने काहींचे भास कमी होतात, त्याबद्दल न्यूरोलॉजिस्टना विचारा.

'काल पेपर वाचला, आज नाव आठवेना, नाटकं नुसती' असं नातेवाईक म्हणणारच. पण दिवसादिवसाला, तासातासाला चढउतार हे या आजाराचं लक्षणच आहे.

आणि आईंचं काय? बाबा झोपेत लाथा झाडतात म्हणताय, तर आईंचा पलंग वेगळा करा, डॉक्टरांनाही सांगा. मदतीला तयार असलेल्या ऐरोलीच्या ताईंना 'लागलं तर कळवतो' असं मोघम सांगू नका. रविवारची दुपार त्यांच्याकडे सोपवा आणि आईंना मैत्रिणींबरोबर ठाण्याच्या तलावपाळीला फिरायला धाडा. फोन घरी ठेवून.